शेताच्या कुंपणाचे खांब: कुठले घ्यायचे, कसे पुरायचे आणि पाऊस-वाळवीतून कसे वाचवायचे

आमची राजापूर तालुक्यात दीड एकर काजूची बाग आहे. पहिल्या वर्षी घाईत केलेलं कुंपण दुसऱ्या पावसाळ्यात आडवं झालं. गणपतीच्या आठवड्यात शेजारची गाय तारेला अंग घासायला गेली आणि एकामागोमाग एक अकरा मेढी (म्हणजे लाकडी खांब) झोपल्या, तारेसकट. बातमी घेऊन आलेले शेजारचे काका हसत म्हणाले, "वैनी, तुम्ही मेढी न्हाय, वाळवीला पंगत वाढलीत." राग आला पण खरं होतं ते.

मग मी त्यातली एक मेढ उपटून अंगणात आणली आणि नीट बघितली. वरचा चार फूट भाग ठणठणीत, जमिनीत खोल गेलेलं टोकही बऱ्यापैकी शाबूत, आणि मधे जिथे माती संपून हवा सुरू होते तिथे एक वीतभर भाग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा, बोटाने दाबला तर आत जात होता. तेव्हापासून मी कुंपणाचा विचार त्या वीतभर जागेपासूनच सुरू करते, आणि तुम्ही नवीन असाल, मुंबई-पुण्याहून येऊन वडिलोपार्जित जमिनीला कुंपण घालायचा बेत करत असाल, तर तुम्हीही तिथूनच करा.

का कुजतं तिथेच? लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल पण लागते आणि हवा पण. खोल मातीत ओल भरपूर पण हवा कमी, वर हवा भरपूर पण लाकूड लगेच सुकतं, मातीच्या रेषेवर मात्र दोन्ही मिळतं. वाळवीचा रस्ताही तिथूनच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे चार महिने ती रेषा सुकतच नाही. देशावर पाऊस कमी पण वाळवी जास्त, म्हणजे शेवट तोच.

आधी हद्द, मग खांब

खांब घ्यायच्या आधी मोजणी करून घ्या. भूमी अभिलेखकडे अर्ज करा, खुणा लावून घ्या, शेजाऱ्याला त्या वेळी बोलवा, चहा पाजा. हे लिहायला फालतू वाटतं, पण खांब पुरल्यावर दोन फूट आत-बाहेर निघाला तर खांब उपटण्यापेक्षा भांडण महाग पडतं.

मग परिमिती मोजा, क्षेत्रफळावरून अंदाज करू नका. एक एकर चौरस असेल तर चारी बाजू मिळून साधारण ८३५ फूट होतात, दहा फुटांवर एक धरला तर ८४ खांब. पण कोकणात एकर चौरस कुठे असतो, वाटण्या होऊन होऊन पट्टे झालेत, तोच एकर ५० फूट रुंदीचा पट्टा असेल तर परिमिती १८४० फुटांच्या वर जाते आणि खांब लागतात १८४. आमच्या ओळखीत एकाने "एकराला शंभर पुरतात" ऐकून शंभरच मागवले आणि निम्मं रान उघडं राहिलं. वर कोपऱ्याचे, टेकूचे आणि गेटचे वेगळे धरा, आणि चार-पाच जास्तीचे घ्या, उतरवताना एखाद-दुसरा मोडतोच.

कुठला खांब

लाकडापासून सुरुवात करते कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

लाकडात दोन भाग असतात, आतला गडद गाभा आणि बाहेरचा फिकट पांढरट थर. टिकतो तो गाभा. बाहेरचा पांढरा थर कुठल्याही झाडाचा टिकत नाही, सागाचा पण नाही, हे डोक्यात फिट करा, कारण लोक "साग आहे" ऐकलं की डोळे मिटून घेतात. विरळणीत निघालेले सागाचे मनगटाएवढे सोट मिळतात ना, त्यात गाभा अंगठ्याएवढा आणि बाकी सगळं पांढरं, म्हणजे नावाला साग, तीन-चार पावसात रेषेवर कापूस. खांब घेताना बुडाकडचा काप बघा, गडद भाग किती आहे ते बघा, बस. खैराचा गाभा मातीत उत्तम टिकतो, जुन्या सागाचा टिकतो, किंजळ आणि ऐन त्यांच्यानंतर. ऑस्ट्रेलियन बाभूळ, जी सामाजिक वनीकरणाने कोकणात जिकडे तिकडे लावली, तिचा गाभा मध्यम आहे पण झाड जुनं हवं. नीलगिरी आणि सुरू ही झाडं सरळसोट दिसतात, स्वस्त मिळतात, आणि काही न लावता पुरले तर लवकर बसतात, आमच्या त्या अकरामधल्या सात नीलगिरीच्या होत्या. बांबू तसाच पुरला तर एक-दोन पावसाळे, फार तर तीन. पोफळीच्या रिपा आडव्या पट्ट्यांना ठीक, खांबाला नाही.

आणि एक, स्वतःच्या जमिनीतलं झाड आहे म्हणून कोयता घेऊन निघू नका. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही सगळी येतात, ती तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि लाकूड रस्त्याने न्यायचं तर वाहतूक पास. विकत घेत असाल तर विकणाऱ्याकडे पास बघा, नाहीतर टेम्पो नाक्यावर अडकतो आणि भाडं तुमचं चालू राहतं.

सिमेंट पोल. आता बहुतेकजण हेच घेतात, मीही दुसऱ्या वेळी तीन बाजूंना हेच घातले. चार बाय चार इंच, सात फूट लांब असा पोल साधारण पन्नास किलोच्या वर भरतो, त्यामुळे भाव विचारताना "शेतात पोचवून, उतरवून किती" असंच विचारा, कारण रस्त्यापासून बागेत डोक्यावरून न्यायची हमाली कधीकधी पोलाच्या किमतीशी स्पर्धा करते. सगळे पोल वरून सारखेच दिसतात, फरक आत असतो. आत सळ्या किती, चार कोपऱ्यांना चार आहेत ना, मधे रिंगा आहेत ना ते विचारा. पाणी किती दिवस मारलं ते विचारा, कमीतकमी दोन-तीन आठवडे पाणी मारलेला पोल हवा, साच्यातून काढून चार दिवसात गाडीत भरलेला नको. टोकाला सळी उघडी दिसत असेल तर नको, तिथून गंज आत शिरतो, सळी फुगते आणि सिमेंटचा पापुद्रा उभा फुटतो, समुद्राजवळ तर हे फारच लवकर होतं, तिथे सळीवर इंचभर तरी सिमेंट पाहिजे. हातोडीने हलकं वाजवून बघा, चांगला पोल खणखणतो, कच्चा भद्द वाजतो. उचलताना मधे धरून आडवा झुलवू नका, मधोमध केसासारखी चीर जाते, आज दिसत नाही, पुढच्या पावसात दिसते.

लोखंडी अँगल हलका, डोंगरात न्यायला सोपा. ४० बाय ४० बाय ५ चा सात फुटी अँगल साडेसहा किलोच्या आसपास भरतो. पण नुसता रंग मारलेला अँगल मातीच्या रेषेवरच गंजतो (तीच वीतभर जागा परत), त्यामुळे गरम जस्तात बुडवलेला घ्या. दुसरी भानगड म्हणजे चोरी, लांबच्या रानातले अँगल रात्रीत भंगारात जातात. सिमेंटचा पोल कोण चोरत नाही.

दगडी खांब कोल्हापूर-सांगलीकडे कर्नाटकातून येतात, ग्रॅनाइटचे, कुजायचा गंजायचा प्रश्नच नाही, फक्त आडवा धक्का बसला की तुकडा पडतो आणि वाहतूक जड. कोकणात जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, घालता येत असेल तर तो कुठल्याही खांबापेक्षा भारी, पण त्याचा खर्च वेगळा आणि तो वेगळा विषय.

जिवंत खांब, माझे लाडके

गिरिपुष्प, म्हणजे आमच्याकडची उंदीरमारी. फांदी पुरली की खांब, आणि जिवंत झाडाला रेषेवर कुज लागत नाही, एवढं साधं आहे. मनगटाएवढी जाड, पाच-सहा फूट लांब, तपकिरी साल धरलेली जुनी फांदी घ्यायची, कोवळी हिरवी नाही. खालचं टोक तिरकं कापायचं, मिरगाच्या तोंडावर दीड फूट खोल पुरायची, माती घट्ट दाबायची. वर्षाला छाटणी केली की पाला काजूच्या आळ्यात खत म्हणून. पांगारा आणि शिमट पण अशीच लागतात. तार मात्र पहिल्या वर्षी बांधू नका, मुळं धरायच्या आत तारेने ओढली की फांदी हलते आणि मरते. बांधताना थेट खोडाला आवळूनही नको, झाड जाड होतं आणि तार गिळतं. जुन्या पाइपाचा तुकडा मधे घालून सैल फास द्या.

इथे एक गंमत. जुने लोक सांगतात की मेढ उलटी पुरली, म्हणजे शेंडा खाली, तर जास्त टिकते. सुक्या लाकडाला त्याने काही फरक पडत नाही, उलट शेंड्याकडे गाभा बारीक, म्हणजे तोटाच. पण आमच्या गड्याने हे ऐकून गिरिपुष्पाच्या चाळीस फांद्या उलट्या पुरल्या. भिजल्या, सुकल्या, एकीलाही पान नाही. आता मी कापतानाच बुडाकडे तिरका आणि शेंड्याकडे सरळ काप देते, म्हणजे चूक होत नाही.

लाकूड टिकवायचं कसं

लाकडाचेच खांब घालायचे असतील तर पहिलं काम साल काढायची. सालीखाली ओल राहते, भुंगे तिथेच अंडी घालतात. मग खाली दगड ठेवून, जमिनीला न टेकवता, मधे फटी सोडून सावलीत रचायचे आणि दोन-तीन महिने वाळू द्यायचे. म्हणजे मे महिन्यात पुरायचे असतील तर फेब्रुवारीत तोडलेले हवेत. आम्ही मे मध्येच तोडून, सालीसकट, काळं ऑईल फासून पुरले होते, एका वाक्यात तीन चुका.

काळं ऑईल, म्हणजे गाडीचं जळकं ऑईल. सगळे लावतात. ते लाकडात दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे फारसं जात नाही, बुरशीला मारत नाही, आणि पावसाने धुऊन मातीत आणि विहिरीत उतरतं. विहीर जवळ असेल तर हात पण लावू नका त्याला.

डांबर. रस्त्याचं डांबर हे नुसतं पांघरूण आहे, त्यात बुरशीला मारणारं काही नाही. पूर्ण वाळलेल्या लाकडावर गरम करून जाड थर दिला तर पाणी आत जायला अडतं, फायदा होतो. पण ओल्या लाकडावर दिलं तर ओल आत कोंडते आणि बाहेरून काळाकुळकुळीत दिसणारा खांब आतून पोकळ होतो. दगडी कोळशापासून काढलेलं क्रिओसोट वेगळं, ते खरोखर विषारी असतं बुरशीला, रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर त्यातच मुरवलेले असायचे, तो वास आठवत असेल तुम्हाला.

जाळून काळं करणं. बुड शेकोटीत धरून कोळशासारखं करायचं. कोळसा स्वतः कुजत नाही हे खरं, पण तो पातळ थर असतो, त्याला तडे जातात आणि तड्यातून आतल्या कच्च्या लाकडात बुरशी जातेच. वर लाकूड तेवढं बारीक होतं ते वेगळंच. नुसत्या जाळण्यावर भरवसा ठेवू नका.

काजूच्या टरफलाचं तेल. किनाऱ्यावर होड्यांना लावतात ते. वाळलेल्या लाकडाला दोन-तीन हात मारले तर वाळवी बरीच लांब राहते, आमच्या बेड्याच्या (म्हणजे आडव्या दांड्यांच्या फाटकाच्या) दांड्यांना मी हेच लावते. हातमोजे घाला, कातडी भाजते, मला एकदा कोपरापर्यंत फोड आले होते. पण हेही वरवरचंच आहे.

बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी किडीला चांगलं, छपराखालच्या लाकडाला झकास. मातीत पुरायच्या खांबाला नाही, पावसाने सगळं विरघळून निघून जातं. नुसत्या मोरचुदाचंही (कॉपर सल्फेट) तसंच, वर ते तारेला आणि खिळ्यांना खातं.

बांबू पाण्यात बुडवून ठेवायची जुनी पद्धत आहे, त्याने आतली साखर-पिष्ट निघून जातं आणि भुंगा लागत नाही. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा म्हणतात, त्यावर मी वाद घालत नाही, थंडीत तोडा म्हणजे झालं, पावसाळ्यात कोंब फुटत असताना नको. पण भुंगा वेगळा आणि कुज वेगळी, भिजवलेला बांबूही मातीत कुजतोच.

मग खरं टिकतं काय? दाबाने औषध आत भरलेलं लाकूड. म्हणजे लाकूड बंद टाकीत घालून पंपाने तांब्या-क्रोमियमचं द्रावण आत खोलवर मुरवतात. यातलं तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण, जे पुढे जगभर विजेच्या आणि टेलिफोनच्या खांबांना वापरलं गेलं, ते आपल्याच देशात निघालंय, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ मध्ये. त्याच संस्थेत लाकडाचे तुकडे ओळीने मातीत पुरून वर्षानुवर्षं कुठला कधी कुजतो ते बघतात, त्या चाचणीला चक्क स्मशान चाचणी म्हणतात. आर्सेनिक नको असेल तर त्याऐवजी बोरॉन घातलेलं मिश्रण असतं, बांबूला जास्त करून तेच. हे घरी ड्रममध्ये कालवायच्या फंदात पडू नका, क्रोमियमची ही क्षारं वाईट, प्लांटमधून तयार खांब घ्या. घेताना एक खांब मधोमध कापून दाखवायला सांगा, हिरवट रंग आत किती गेलाय ते बघा, नुसता वरून हिरवा म्हणजे बुडवून काढलेला. हाच पांढरा थर, जो एरवी पहिला कुजतो, तोच औषध सगळ्यात जास्त पितो, म्हणून अशा खांबात नीलगिरी पण चालते. साइटवर कापावं लागलं तर कापलेलं टोक वर ठेवा, मातीत नाही. आणि तुकडे चुलीत घालू नका, बंबात पण नाही, धूर विषारी असतो.

पुरणं

सात फुटी खांब दोन फूट जमिनीत, कोपऱ्याचा तीन फूट. खड्ड्याच्या तळाला चार-सहा इंच खडी किंवा चिऱ्याचे बारीक तुकडे, म्हणजे पाणी बुडाशी साचत नाही. मग खांब उभा करा, ओळंबा लावा, माती वीत-वीत टाकून पहारेच्या मागच्या टोकाने कुटा. एकदम सगळी माती टाकून वरून पाय देऊन काही होत नाही, आठ दिवसात खांब दातासारखा हलतो. शेवटी मातीचा उंचवटा करा, पाणी खांबापासून लांब वाहिलं पाहिजे.

लाकडी खांबाभोवती सिमेंट ओतू नका. मजबूत वाटतं, पण लाकूड वाळून आकसतं, सिमेंट आणि लाकडात फट पडते, त्या फटीत पाणी भरतं आणि तुम्ही खांबासाठी पेलाच तयार करून ठेवलेला असतो. आमच्या गेटचा सागी खांब असाच गेला, आजूबाजूच्या मातीतले अजून उभे आहेत. कातळावर इलाज नसतो, ब्रेकरने फूट-दीड फूटच खड्डा होतो, तिथे सिमेंटचा किंवा लोखंडी खांबच घ्या आणि काँक्रीट भरा. लाकडी खांबाचं डोकं तिरकं कापा, सपाट डोक्यावर पाणी थांबतं आणि वरून आत उतरतं.

आधी चार कोपरे उभे करा, मग सुतळी ताणून मधले. कोपऱ्याच्या खांबाला तार ज्या-ज्या दिशेला जाते त्या दिशेला आतून तिरका टेकू द्या, म्हणजे एका कोपऱ्याला दोन टेकू. साधारण शंभर फुटांवर एक मधला खांबही टेकू देऊन पक्का करा. बहुतेक कुंपणं मधून नाही, कोपऱ्यातून ढिली पडतात. काटेरी तार जनावर ज्या बाजूने रेटणार त्या बाजूला, म्हणजे रेटली तर खांबावर दाब येतो, खिळ्यांवर नाही. यू खिळा जरा तिरका मारा, दोन्ही टोकं एकाच रेषेत गेली की लाकूड उभं फाटतं.

झटका मशीन, म्हणजे तारेत थांबून थांबून विजेचा हलका झटका सोडणारं यंत्र, लावणार असाल तर खांब हलके चालतात, तार प्लास्टिकच्या इन्सुलेटरवर. पण मशीनच लावा, घरची लाइट थेट तारेत सोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेलीत.

दरवर्षीचं काम

दिवाळीनंतर गवत वाळलं की कुंपणालगत पाच-सहा फूट पट्टा साफ करून घ्या. फेब्रुवारी ते मे वणवे लागतात, आणि दहा वर्षं टिकायची मेढ एका दुपारी जाते. पातेरा (सुका पाला) खांबाच्या बुडाशी साचू देऊ नका, वाळवीचे मातीचे पोपडे दिसले की खरवडून टाका.

आणि मे च्या शेवटच्या आठवड्यात एक स्क्रू-ड्रायव्हर आणि खडू घेऊन फेरी मारा. प्रत्येक लाकडी खांबाच्या बुडाची माती चार बोटं बाजूला करायची, तिथे टोक दाबायचं. टणक लागलं तर पुढे, अर्धा इंच आत गेलं तर खडूची खूण, त्याच आठवड्यात तो बदलायचा किंवा शेजारी गिरिपुष्पाची फांदी पुरून ठेवायची, दोन वर्षात तीच खांबाचं काम करते. माझी चौथी बाजू, जिथे जुन्याच मेढी होत्या, तिथे असं करता करता आता बावन्नपैकी एकोणतीस जागी झाडं उभी आहेत.